जावामधून फाईल डाउनलोड: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

लातूर, नांदेड, परभणी, छत्रपती संभाजीनगर इकडची बीसीए-एमसीएची मुलंमुली आणि आडत दुकान, पतसंस्था, कृषी सेवा केंद्र यांच्यासाठी छोटी सॉफ्टवेअरं करून देणारी मंडळी हेच प्रश्न फिरून फिरून विचारतात. म्हणून उत्तरं एका जागी. इंटरनेटवरची बहुतेक उदाहरणं रेंज कधी जात नाही आणि लाईट कधी जात नाही असं धरून लिहिलेली असतात. आपल्याकडे तसं धरून चालत नाही. त्यामुळे फाईल आली का, यापेक्षा ती पूर्ण आली का, यावर इथं जास्त भर आहे.

क्लास आणि मेथडची नावं इथं देवनागरीत लिहिली आहेत. एडिटरमध्ये ती अर्थातच रोमनमध्ये टाइप करायची.

कोणती लायब्ररी घ्यावी?

जावा ११ किंवा त्यापुढची आवृत्ती असेल तर बाहेरून काहीच आणू नका. जेडीकेमध्येच (प्रोग्राम लिहायला लागणारा जावाचा संच) जावा.नेट.एचटीटीपी हे पॅकेज आहे आणि त्यातला एचटीटीपीक्लायंट पुरेसा आहे. तो जावा ९ मध्ये प्रायोगिक म्हणून आला आणि सप्टेंबर २०१८ मध्ये जावा ११ सोबत कायमचा झाला. त्याला एचटीटीपी/२ येतं. सर्व्हरला येत नसेल तर तो मुकाट १.१ वर उतरतो.

जावा ८ वर अडकला असाल किंवा अँड्रॉइडचं ॲप करत असाल तर ओकेएचटीटीपी घ्या, कारण वरचा क्लायंट अँड्रॉइडमध्ये नाही. अपाचेचा एचटीटीपीक्लायंट ५ दणकट आहे. प्रॉक्सी, लॉगिन, कनेक्शन पूल अशी सगळी भानगड एकत्र असेल तिथं तो शोभतो. रोजच्या भावाची एक सीएसव्ही उतरवायला एवढा लवाजमा लागत नाही.

राहिला एचटीटीपीयूआरएलकनेक्शन. तो जेडीके १.१ पासून आहे आणि जुन्या पुस्तकांत अजून तोच शिकवतात. त्याचे कनेक्ट आणि रीड हे दोन्ही टाइमआउट मुळात शून्य असतात, आणि इथं शून्य म्हणजे अनंतकाळ वाट बघणे. रेंज गेली की प्रोग्राम तसाच बसून राहतो, ना एरर ना काही. वापरायचाच असेल तर दोन्ही टाइमआउट स्वतः लावा.

कॉमन्स आयओमध्ये एका ओळीत होतं म्हणतात. मग एवढं कशाला?

होतं. फाईलयूटिल्सची कॉपीयूआरएलटूफाईल ही मेथड आहे. दोन पॅरामीटरची नको, चार पॅरामीटरची वापरा. तिच्यात दोन्ही टाइमआउट देता येतात. घरच्या वापराला ठीक. अर्धवट राहिलेलं पुढे चालू करणं, स्टेटस कोड (सर्व्हर उत्तरासोबत देतो तो तीन आकडी क्रमांक) बघून निर्णय घेणं तिच्याने होत नाही.

साधा डाउनलोड कसा लिहायचा?

क्लायंट एकदाच तयार करून ठेवा. प्रत्येक फाईलसाठी नवा करू नका. रिक्वेस्ट बिल्डरला पत्ता आणि टाइमआउट द्या. मग सेंड मेथडला रिक्वेस्टसोबत बॉडीहँडलर्स.ऑफफाईल द्या आणि त्यात डिस्कवरचा पाथ. झालं.

पण इथं एक फसगत आहे. ऑफफाईल स्टेटस कोड बघत नाही. सर्व्हरने ४०४ दिला तरी त्या "पान सापडले नाही"चं एचटीएमएल तुमच्या पीडीएफच्या नावाने इमानेइतबारे डिस्कवर लिहिलं जातं. एक्सेप्शन येत नाही, कारण क्लायंटच्या दृष्टीने संवाद नीट पार पडला. म्हणून बॉडीहँडलर स्वतः लिहा. त्याला मिळणाऱ्या रिस्पॉन्सइन्फोमध्ये स्टेटस कोड बॉडीच्या आधी कळतो. २०० असेल तर फाईलमध्ये लिहिणारा सबस्क्रायबर परत करा, नसेल तर डिस्कार्डिंग. तीन-चार ओळींचं काम आहे.

आणि थेट मूळ नावावर कधीच लिहू नका. "भाव.सीएसव्ही" हवी असेल तर आधी "भाव.सीएसव्ही.पार्ट" मध्ये उतरवा, आकार तपासा, मगच फाईल्स.मूव्हने नाव बदला. असं केलं की त्या नावाची फाईल फोल्डरमध्ये दिसली म्हणजे ती पूर्णच आहे, हे हिशेबाच्या सॉफ्टवेअरला गृहीत धरता येतं. सोयाबीनच्या अर्ध्या यादीवर कुणी व्यवहार करून बसलं तर पुढचं निस्तरणं कोडइतकं सोपं नसतं.

सर, फाईल उतरली पण उघडत नाही.

आधी आकार बघा, मग ती नोटपॅडमध्ये ओढून पहिली ओळ वाचा. निम्मं निदान तिथंच होतं.

शून्य केबी असेल तर बहुधा रीडायरेक्ट, म्हणजे सर्व्हरने दुसऱ्या पत्त्यावर जायला सांगितलं आहे. जावाचा एचटीटीपीक्लायंट मुळात कुठलंच रीडायरेक्ट पाळत नाही. ३०१ किंवा ३०२ आला की तोच उत्तर म्हणून हातात ठेवतो. क्लायंट बनवताना फॉलोरीडायरेक्ट्सला नॉर्मल द्या. नॉर्मल म्हणजे सगळीकडे जा, पण एचटीटीपीएसवरून उघड्या एचटीटीपीवर जाऊ नको. ऑल्वेज देण्याचं कारण मला तरी सहसा सापडत नाही. जुना एचटीटीपीयूआरएलकनेक्शन रीडायरेक्ट पाळतो, मात्र एचटीटीपीवरून एचटीटीपीएसवर उडी मारत नाही. संकेतस्थळ सुरक्षित पत्त्यावर गेलं आणि जुना प्रोग्राम अचानक बंद पडला, याचं कारण बरेचदा हेच असतं.

पहिल्या ओळीत कोनी कंस आणि "एचटीएमएल" दिसलं तर तुम्ही लॉगिनचं किंवा चुकीचं पान उतरवलं आहे. ब्राउझरमध्ये फाईल येते कारण ब्राउझरकडे कुकी असते. कुकीमॅनेजर लावा आणि आधी लॉगिनची रिक्वेस्ट करा. खऱ्या पीडीएफची सुरुवात टक्क्याच्या चिन्हाने आणि लगेच "पीडीएफ" या अक्षरांनी होते. झिपची सुरुवात "पीके"ने, आणि एक्सेलची नवी फाईलही आतून झिपच असल्याने तीही "पीके"नेच.

सीएसव्ही उघडल्यावर सगळा कचरा दिसत असेल तर ती जीझिप (दाबून लहान केलेली) होऊन आली असावी. जावाचा क्लायंट स्वतःहून जीझिप मागतही नाही आणि सोडतही नाही. ॲक्सेप्ट-एन्कोडिंग हेडर तुम्ही कुठून तरी कॉपी करून टाकला असेल तर जीझिपइनपुटस्ट्रीमची जबाबदारीही तुमची. ओकेएचटीटीपी हे काम परस्पर करतं, पण तो हेडर तुम्ही हाताने घातला की तेही हात वर करतं.

आणखी एक प्रकार आपल्याकडेच जास्त. पीडीएफ व्यवस्थित उघडते, मराठी छान दिसतं, पण जावातून मजकूर काढला की इंग्रजी अक्षरांचा भुगा. यात डाउनलोडचा काही दोष नाही. तो कागद युनिकोडच्या आधीच्या एखाद्या फॉन्टमध्ये टाइप केलेला आहे, आणि त्यासाठी फॉन्टप्रमाणे कन्व्हर्टर लागेल.

मध्येच लाईट किंवा रेंज जाते. दर वेळी पहिल्यापासून उतरवायचं का?

नाही. एचटीटीपीमध्ये याची सोय जुनीच आहे, रेंज हेडर. (मोबाईलची रेंज गेली म्हणून हा रेंज वापरायचा, हा विनोद वर्गात दर वर्षी होतो.)

समजा ".पार्ट" फाईल ४५० एमबीची झाली आणि वायफाय गेलं. डिस्कवर ४७१८५९२०० बाइट्स आहेत. बाइट्सची मोजणी शून्यापासून असते, म्हणजे शेवटचा उतरलेला बाइट ४७१८५९१९९ क्रमांकाचा. पुढच्या रिक्वेस्टमध्ये रेंज हेडरची किंमत "बाइट्स=४७१८५९२००-" अशी द्यायची, आकडे अर्थात रोमन. एक अधिक किंवा एक उणे करायची गरज नाही. फाईलचा आकार तसाच लिहायचा.

आता उत्तर काय येतं ते महत्त्वाचं. २०६ आला तर सर्व्हरने ऐकलं. कंटेंट-रेंज हेडरमधली सुरुवात तुमच्या आकड्याशी जुळते का बघा आणि फाईलच्या शेवटी जोडत जा. ४१६ आला तर तुम्ही मागितलेला भाग फाईलमध्ये नाहीच. एकतर फाईल आधीच पूर्ण आहे किंवा सर्व्हरवरची फाईल लहान झाली आहे. आणि २०० आला तर सर्व्हरने तुमचा हेडर कानाआड केला आणि फाईल पहिल्यापासून पाठवतो आहे. अशा वेळी जोडायचं नाही, जुनं पुसून नव्याने लिहायचं. हा फरक न बघता अपेंड केलं की ४५० एमबीच्या मागे अख्खी फाईल पुन्हा चिकटते. झिप उघडत नाही आणि दोष बिचाऱ्या सर्व्हरला जातो.

दोन डाउनलोडच्या मधल्या काळात सर्व्हरवरची फाईलच बदलली तर? पहिल्या उत्तरातला ईटॅग (फाईलची ही आवृत्ती ओळखायची सर्व्हरची खूण) जपून ठेवा आणि पुढच्या वेळी इफ-रेंज हेडरमध्ये पाठवा. फाईल तीच असेल तर २०६ मिळेल, बदलली असेल तर आपोआप २०० आणि नवी फाईल. ईटॅग "डब्ल्यू/" ने सुरू होत असेल तर तो कमजोर समजला जातो, इथं चालत नाही.

लाईट जाणं हे रेंज जाण्यापेक्षा वाईट. रेंज गेली तरी प्रोग्राम जिवंत असतो आणि फाईल नीट बंद करतो. लाईट गेली की ऑपरेटिंग सिस्टिमने डिस्कवर लिहायचे राहिलेले बाइट्स तसेच जातात. फाईलचा आकार मोठा दिसतो पण शेवटचा तुकडा नुसता शून्यांचा, असंही होतं. म्हणून यूपीएस नसलेल्या मशीनवर पुन्हा सुरू करताना ".पार्ट" फाईलचा शेवटचा एक-दोन एमबी फाईलचॅनलच्या ट्रंकेटने कापून टाका आणि तिथून पुढे मागा. डाटा थोडा जास्त जातो, झोप नीट लागते. त्याशिवाय अधूनमधून फाईलचॅनल.फोर्स बोलवा. प्रत्येक बफरनंतर बोलवलंत तर मात्र डिस्क रडकुंडीला येईल.

टाइमआउट किती ठेवावा?

कनेक्टटाइमआउट १५-२० सेकंद. तालुक्याच्या गावात मोबाईल हॉटस्पॉटवर बसलात तर थोडा वाढवा.

दुसरा, रिक्वेस्टवरचा टाइमआउट. तो अख्ख्या डाउनलोडला लागू आहे असं धरू नका. जावा ११, १७, २१ मध्ये उत्तराचे हेडर आले की त्याचं घड्याळ थांबतं. त्यानंतर बॉडी अर्ध्यात अडकली तर तुम्ही तिथंच. त्यावर उपाय सेंडअसिंक: त्याचं फ्युचर ऑफफाईलसोबत वापरलं तर फाईल पूर्ण उतरल्यावरच पुरं होतं, म्हणून गेटला एकूण मर्यादा देता येते आणि जावा १६ पासून वेळ संपली की कॅन्सलही करता येतं.

खरं सांगायचं तर आपल्याला एकूण वेळेची मर्यादा नको असते. दोन तास लागले तरी चालतील, पण मिनिटभर एकही बाइट आला नाही तर सोडून दे, असं काहीतरी हवं असतं. ओकेएचटीटीपीचा रीडटाइमआउट नेमका तसाच, दोन बाइट्समधल्या शांततेचा आहे. मुळात १० सेकंद असतो, तो ६० करा. डळमळीत नेटवर मोठ्या फायली हेच तुमचं मुख्य काम असेल, तर मी जावा १७ वरसुद्धा याच कारणासाठी ओकेएचटीटीपी निवडेन.

पुन्हा प्रयत्न किती वेळा करायचे?

किती वेळा यापेक्षा कशावर ते ठरवा. आयओएक्सेप्शन, टाइमआउट, ५०२, ५०३, ५०४ यांवर करा. ४०३ आणि ४०४ वर करू नका, तिसऱ्यांदा विचारल्याने फाईल उगवत नाही. ४२९ म्हणजे सर्व्हर "दमानं घे" म्हणतोय. रिट्राय-आफ्टर हेडर असेल तर तेवढं थांबा.

दोन प्रयत्नांतलं अंतर दुप्पट करत न्या, २, ४, ८ सेकंद असं, आणि त्यात थोडा यादृच्छिक वेळ मिसळा. तो कशाला? लाईट आली की गावातल्या सगळ्या मशीन एकदम सुरू होतात आणि तुमचं सॉफ्टवेअर बसवलेली सगळी दुकानं त्याच सेकंदाला सर्व्हरवर धडकतात. पडलेला सर्व्हर उठायच्या आत पुन्हा पडतो.

आउटऑफमेमरीएरर येतो.

ऑफबाइटॲरे किंवा ऑफस्ट्रिंग वापरला असेल. दोन्ही अख्खी फाईल मेमरीत घेतात. ऑफफाईल किंवा ऑफइनपुटस्ट्रीम वापरा. फाईलचा आकार इंट ऐवजी लाँगमध्ये ठेवा. इंटची धाव २१४७४८३६४७ पर्यंत, म्हणजे जेमतेम २ जीबी. जाता जाता: थेट पेनड्राइव्हवर उतरवत असाल आणि तो फॅट३२ असेल तर ४ जीबीला लिहिणं थांबेल. त्यात जावाचा संबंध नाही.

प्रगतीची पट्टी कशी दाखवू?

ऑफइनपुटस्ट्रीम घ्या, वाचलेले बाइट्स मोजा, कंटेंट-लेंग्थने भागा. तो हेडर नसेल तर टक्केवारी बनवू नका, नुसते "किती एमबी आले" दाखवा. स्विंगमध्ये हे काम स्विंगवर्करमध्ये करा.

"पीकेआयएक्स पाथ बिल्डिंग फेल्ड" म्हणजे काय?

सर्व्हरच्या सर्टिफिकेटवर भरवसा ठेवण्याइतका पुरावा जावाला मिळाला नाही. यावर सगळी सर्टिफिकेटं मान्य करणारा ट्रस्टमॅनेजर चिकटवा, असा सल्ला जागोजागी सापडतो. तो लावलात तर एचटीटीपीएसचं कुलूप दारावर लटकतं, पण कडी लागलेली नसते. पतसंस्थेच्या मशीनवर तर तो अजिबात नको.

आधी कारण शोधा. लॅबमधल्या जुन्या संगणकांत मदरबोर्डची बॅटरी संपलेली असते, सुरू केला की तारीख कित्येक वर्षं मागे जाते, आणि सर्टिफिकेट अजून लागूच झालेलं नाही असं जावाला वाटतं. अशा वेळी एररमध्ये बहुधा "बिल्डिंग"च्या जागी "व्हॅलिडेशन" असतं; खालच्या ओळींत "नॉट येट व्हॅलिड" दिसलं तर घड्याळ बघा आणि नाण्याएवढा सेल बदला.

तारीख बरोबर असून ब्राउझरमध्ये पान उघडत असेल, तर बहुधा सर्व्हर मधलं सर्टिफिकेट (त्याच्या आणि मूळ सर्टिफिकेटच्या मधला दुवा) पाठवायचं विसरतो आहे. काही ब्राउझर ते स्वतः शोधून आणतात, जावा मुळात आणत नाही. कॉम.सन.सिक्युरिटी.इनेबलएआयएसीएइश्युअर्स ही प्रॉपर्टी ट्रू करून जावा सुरू केला की तोही आणतो. तिसरं कारण जुना जेडीके: त्याच्या सीएसर्ट्स फाईलमध्ये नवी मूळ सर्टिफिकेटं नसतात, म्हणून त्याच मालिकेतला ताजा अपडेट बसवा. चौथं, कॉलेजचा फायरवॉल मध्ये बसून स्वतःचं सर्टिफिकेट देत असेल तर ते लॅबच्या सरांकडून मागून जेडीकेच्या कीटूल या कमांडने घाला.

कॉलेजमध्ये चालत नाही, घरी चालतं.

प्रॉक्सी, म्हणजे कॉलेजचं इंटरनेट ज्याच्यातून जातं तो मधला सर्व्हर. एचटीटीपी.प्रॉक्सीहोस्ट देऊन भागत नाही, एचटीटीपीएस.प्रॉक्सीहोस्ट वेगळा द्यावा लागतो, पोर्टही दोन्हींचे. क्लायंटला दुसरा काही सांगितला नसेल तर तो हेच घेतो. प्रॉक्सीला नाव-पासवर्ड लागत असेल आणि सगळं बरोबर देऊनही ४०७ येत असेल, तर कारण असं की एचटीटीपीएससाठी बेसिक पद्धत जावा ८ च्या १११ व्या अपडेटपासून बंद ठेवली आहे. जेडीके.एचटीटीपी.ऑथ.टनेलिंग.डिसेबल्डस्कीम्स ही प्रॉपर्टी रिकामी केली की ती सुरू होते.

पत्त्यात मराठी नाव असलं की डाउनलोड होत नाही.

देवनागरीतलं प्रत्येक चिन्ह यूटीएफ-८ मध्ये तीन बाइट्सचं, आणि पत्त्यात प्रत्येक बाइट टक्का चिन्ह अधिक दोन अक्षरं असा लिहावा लागतो. "पाऊस" या शब्दात काना धरून चार चिन्हं, म्हणजे पत्त्यात ३६ अक्षरं. हे हाताने करू नका. यूआरआयचा अनेक पॅरामीटरचा कन्स्ट्रक्टर वापरा आणि टूएएससीआयआयस्ट्रिंग घ्या. यूआरएलएन्कोडर पाथसाठी नाही. तो फॉर्मसाठी आहे आणि रिकाम्या जागेचं अधिक चिन्ह करतो.

डिस्कवर नाव ठेवतानाही सांभाळा. एका मुलीचा प्रोग्राम बाकी सगळ्या फायली उतरवायचा आणि एकाच ठिकाणी नोसचफाईलएक्सेप्शन द्यायचा. नाव तिने शीर्षकावरून बनवलं होतं, आणि शीर्षक होतं "७/१२ उतारा". तिरक्या रेघेमुळे जावा "७" नावाचं फोल्डर शोधत होता. तिरक्या रेघा, कोलन, प्रश्नचिन्ह अशी चिन्हं बदलून घ्या. सर्व्हरने कंटेंट-डिस्पोझिशनमध्ये दिलेलं नावही जसंच्या तसं वापरू नका. त्यात दोन टिंबं आणि तिरकी रेघ घालून कुणी तुमच्या फोल्डरबाहेर लिहू शकतं.

सीएसव्हीतल्या मराठीच्या जागी प्रश्नचिन्हं किंवा भलतीच अक्षरं दिसत असतील तर वाचताना आणि लिहिताना यूटीएफ-८ स्पष्ट सांगा. जावा १८ पासून तेच मूळ आहे. त्याआधी विंडोजवर विंडोजचं एन्कोडिंग लागायचं.

शंभरेक फायली आहेत. एकदम उतरवल्या तर लवकर होईल ना?

हॉटस्पॉट एकच असेल तर नाही, तेच पाणी जास्त नळांत वाटलं जाईल. तीन-चारच्या पुढे जाऊ नका. जावा २१ मधले व्हर्च्युअल थ्रेड हजारो काढता येतात, म्हणून हजार काढायचे असं नाही. सेमाफोर (एका वेळी ठराविकच थ्रेडना सोडणारा क्लास) लावून आवरा. समोरचा सर्व्हर एखाद्या कार्यालयाचा असेल तर रात्री उतरवा.

कॅप्चा असलेल्या पानावरून कोडने उतारे काढता येतील का?

त्यात मी मदत करत नाही. कॅप्चा लावला म्हणजे त्यांना प्रोग्राम नको आहेत. बाजारभावासारखी बरीच सरकारी माहिती डेटा.गव्ह.इन वर एपीआयने रीतसर मिळते. तिथं नोंदणी करून की घ्या.

रोज तीच फाईल तपासायची आहे. डाटा वाचेल का?

वाचेल. मागच्या वेळचा ईटॅग इफ-नन-मॅच हेडरमध्ये पाठवा. फाईल बदलली नसेल तर सर्व्हर नुसता ३०४ देतो, बॉडी येतच नाही. दिवसाला दीड जीबीच्या पॅकवर चालणाऱ्या दुकानात हा फरक लगेच जाणवतो.

हे सगळं नीट चालतंय हे तपासायचं कसं?

घरच्याच मशीनवर सर्व्हर उभा करा. जावा १८ पासून जेवेबसर्व्हर नावाची कमांड जेडीकेसोबत येते. ती रेंज हेडर मानत नाही, त्यामुळे अर्धवट फाईल असताना २०० आला तर तुमचा कोड जुनं पुसतो की मागे चिकटवतो, हे तिच्यावर छान कळतं. २०६ साठी एन्जिनएक्स लावा.

मग बाहेरच्या सर्व्हरवरून एक मोठी फाईल उतरवायला घ्या आणि मध्येच फोनचा हॉटस्पॉट बंद करा. पुन्हा सुरू करा. पुढच्या वेळी टास्क मॅनेजरमधून जावाच मारा. एकदा लॅपटॉपचं झाकण लावून दहा मिनिटांनी उघडा. प्रत्येक वेळी उतरलेल्या फाईलचा एसएचए-२५६ (फाईलच्या मजकुरावरून निघणारा ओळखीचा आकडा) मेसेजडायजेस्टने काढून मूळ फाईलच्या आकड्याशी जुळवा. जुळला नाही तर पहिल्यांदा अपेंडची अट बघा, मग ट्रंकेटचा आकडा.